६५ चा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे बाबा एअरबसवर कमांडर आहेत. पुढच्या फेब्रुवारीत त्यांना ६५ पूर्ण होतील. बीपी नाही, शुगर नाही, गेल्या महिन्यातलं मेडिकल बिनतक्रार पास. तरी वाढदिवसापासून त्यांना प्रवासी विमान चालवता येणार नाही. वकील ऐंशीव्या वर्षी कोर्टात उभे राहतात, सर्जन सत्तरीत ऑपरेशन करतात, मंत्र्यांना तर वयच नसतं. मग हा उघड वयाचा भेदभाव नाही का? याविरुद्ध दाद मागता येईल का?"

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. ६५ पूर्ण व्हायच्या आदल्या आठवड्यात मी माझं शेवटचं विमान उतरवलं. त्याआधी बरीच वर्षं मी परीक्षक होतो. सिम्युलेटरमध्ये मागच्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांची दर सहा महिन्यांची परीक्षा घ्यायची, हे काम. निवृत्तीनंतरही काही काळ सिमवर शिकवलं. म्हणजे लोकांना नापास करणारा मीच, आणि वयामुळे घरी पाठवला गेलेलाही मीच.

तर उत्तर: हो, हा वयाचा भेदभाव आहे. आणि नाही, कोर्टात जाऊन बाबांना फेब्रुवारीनंतर उडता येईल असं मला वाटत नाही. दोन्ही एकदम खरं कसं, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

आधी हा आकडा आला कुठून ते बघू. बहुतेकांची समजूत अशी, की डॉक्टरांच्या एखाद्या समितीनं हृदय, डोळे, मेंदू तपासून वयाची रेघ मारली असेल. मीही कोपायलट असताना तेच समजत होतो. खरा प्रकार वेगळा आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन एअरलाइन्सनं आपल्या वैमानिकांना ६० व्या वर्षी सक्तीनं निवृत्त करायला सुरुवात केली. काही वैमानिक भांडले, प्रकरण लवादाकडे गेलं आणि निकाल वैमानिकांच्या बाजूनं लागला. तेव्हा कंपनीचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी फेब्रुवारी १९५९ मध्ये एफएए या सरकारी यंत्रणेचे प्रमुख एलवूड क्वेसाडा यांना पत्र लिहिलं, की सरकारनंच काही वय ठरवून दिलं तर बरं होईल. काळ बोइंग ७०७ चा. पंख्याच्या विमानांवर केस पांढरे केलेल्या कमांडरांना जेट शिकवायचं म्हणजे खर्च, आणि शिकून झाल्यावर तो माणूस कंपनीला मिळणार किती वर्षं, हा हिशेब. डिसेंबर १९५९ मध्ये नियम जाहीर झाला आणि १५ मार्च १९६० पासून अमेरिकेत ६० च्या वरचा माणूस एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये वैमानिक म्हणून बसेनासा झाला. क्वेसाडा पुढे सरकारी पद सोडून अमेरिकन एअरलाइन्सच्याच संचालक मंडळावर गेले. यावर ज्यानं त्यानं आपलं मत करावं.

तो नियम ४७ वर्षं टिकला. नोव्हेंबर २००६ मध्ये आयकाओनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विमानवाहतूक संघटनेनं, ही मर्यादा ६५ वर नेली. अट अशी की विमानात दोन वैमानिक हवेत आणि त्यातला एक साठीच्या आतला हवा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी १३ डिसेंबर २००७ रोजी ६५ च्या कायद्यावर सही केली. कायदा मागे जाऊन लागू झाला नाही. ज्यांची साठी १२ डिसेंबरला भरली ते आदल्या दिवशीच घरी गेलेले होते, १४ ला भरणार होती त्यांना आणखी पाच वर्षं मिळाली. दोन दिवसांत कुणाच्या हृदयात काय फरक पडतो? आयकाओची ती "एक साठीच्या आतला" अटही २०१४ मध्ये निघाली. तीही निघाल्यावर आभाळ कोसळलं नाही.

आता यात एक गंमत आहे, ती आमच्याच लोकांची. अमेरिकेतली वैमानिकांची सर्वांत मोठी संघटना आल्पा. ती पहिली वीस वर्षं या साठीच्या नियमाविरुद्ध लढली. १९८० मध्ये तिनं बाजू बदलली आणि नियमाचं समर्थन करू लागली. २००७ मध्ये पुन्हा फिरली. आता ६७ करावं अशी मागणी आली तर तिचा विरोध आहे. वैमानिकांचं शरीर या काळात तीन वेळा बदललेलं नाही. बदलला तो सिनिऑरिटी लिस्टचा आकार.

सिनिऑरिटी हे आमच्या धंद्याचं जातं आहे, सगळं त्यातूनच दळून निघतं. कोणतं विमान, कोणता बेस, दिवाळीत सुट्टी, कमांड, म्हणजे कॅप्टनची डावी खुर्ची, कधी, पगार किती, सगळं तुमच्या नंबरावर. वरचा एक माणूस घरी गेला की खालचे सगळे एक पायरी वर सरकतात. वरच्यानं दोन वर्षं जास्त काढली की खालचा कोपायलट दोन वर्षं उजव्याच खुर्चीत. आपल्याकडे घर गहाण ठेवून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, काढलेली पोरं वर्षानुवर्षं नोकरीची वाट बघत बसलेली असतात, त्यांच्या डोळ्यांनी हा प्रश्न बघितला तर तुमचे बाबा त्यांच्या वाटेत उभे आहेत. मी ४१ व्या वर्षी कमांडची वाट बघत होतो तेव्हा ६० च्या नियमाचा कट्टर पुरस्कर्ता होतो. ५९ व्या वर्षी मला तो नियम अशास्त्रीय वाटू लागला. प्रामाणिकपणे सांगतो, मधल्या काळात मी एकही नवा शोधनिबंध वाचला नव्हता.

तरीही, आकडा भांडणातून आला म्हणून तो निराधार आहे असं मी म्हणणार नाही. वैद्यकीय बाजू काय सांगते तेही बघायला हवं, आणि ती तुम्हाला वाटते तशी नाही.

विमानवैद्यकातले डॉक्टर "एक टक्का" नावाचा एक हिशेब वापरतात. कल्पना अशी: एखाद्या वैमानिकाला वर्षभरात अचानक असमर्थ होण्याचा, म्हणजे हार्ट अटॅक, स्ट्रोक, फिट येण्याचा धोका १०० मध्ये १ असेल, तर वर्षाचे तास साधारण पावणेनऊ हजार धरून दर तासाचा धोका जवळपास दहा लाखांत १ पडतो. उड्डाणातला खरा नाजूक काळ टेकऑफ आणि लँडिंगचा, तो साधारण दहावा हिस्सा. म्हणजे धोका एक कोटीत १. आणि त्या नाजूक क्षणी एक वैमानिक कोसळला तरी दुसरा शंभरपैकी नव्व्याण्णव वेळा विमान सांभाळतो असं धरलं, तर अपघाताचा धोका शंभर कोटी तासांत १ वर येतो. तो मान्य. म्हणून दोन वैमानिकांच्या विमानात एक टक्क्यापर्यंतची जोखीम चालवून घेतली जाते. स्टेंट बसवलेल्या माणसाला परत उडू द्यायचं का, हे अनेक देशांत याच विचारानं ठरतं.

या हिशेबात वय कुठे आहे? थेट कुठेच नाही. वाढत्या वयाबरोबर जोखीम चढते हे खरं, पण ती हळूहळू चढते, वाढदिवसाला उडी मारत नाही. सिगारेट ओढणारा, मधुमेह असलेला पंचेचाळिशीचा माणूस एक टक्का ओलांडून बसलेला असू शकतो आणि तुमच्या बाबांसारखा ६६ चा माणूस त्याच्या आत. डॉक्टरांच्या हातात निर्णय असता तर त्यांनी माणसागणिक ठरवलं असतं. हिशेबाचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: त्याचा सगळा भार शेवटच्या पायरीवर आहे, शेजारच्या माणसावर. तो नसेल तर गणितच मोडतं. म्हणून आयकाओच्या नियमात एकट्या वैमानिकानं चालवायच्या व्यावसायिक उड्डाणाला मर्यादा आजही ६० च आहे. केदारनाथसारख्या ठिकाणी एकट्यानं हेलिकॉप्टर नेणारे आणि जुहूहून दोघं मिळून समुद्रातल्या तेलफलाटांवर जाणारे, यांच्यात हा फरक पडतो.

१८ जून १९७२ ला लंडनजवळ स्टेन्स इथे ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं ट्रायडंट विमान टेकऑफनंतर काही मिनिटांत पडलं. ११८ जण गेले. कॅप्टनच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आजारी असल्याचं शवविच्छेदनात आढळलं. उड्डाणाआधी क्रू रूममध्ये संपावरून त्याचं कुणाशी तरी जोरदार वाजलं होतं. शेजारी अननुभवी तरुण सहवैमानिक. कॅप्टनचं वय ५१. आता दुसरी तारीख, १८ जून २००९. ब्रसेल्सहून न्यूअर्कला निघालेल्या काँटिनेंटलच्या बोइंग ७७७ चे कॅप्टन अटलांटिकवर असताना वारले. वय ६०. उरलेल्या वैमानिकांनी विमान नीट उतरवलं, बहुतेक प्रवाशांना उतरेपर्यंत काही कळलंही नाही. ५१ च्या आजारी कॅप्टनचं विमान पडलं आणि ६० च्या कॅप्टनच्या मृत्यूनंही पडलं नाही. मधल्या ३७ वर्षांत कॅप्टनांची हृदयं सुधारली नव्हती, शेजारच्या माणसाचं प्रशिक्षण सुधारलं होतं.

ते प्रशिक्षण मी दिलंय. सिममध्ये ब्रीफिंगआधी मी कमांडरला हळूच बाजूला घेऊन सांगायचो, "पाचशे फुटांवर तुम्ही गेलात." धाडकन पडायचं नाही हं, ते सोपं असतं. हात कंट्रोलवर, डोळे उघडे, फक्त उत्तर द्यायचं नाही. नियम असा की एका हाकेला उत्तर आलं नाही तर दुसरी हाक, दुसरीलाही नाही आलं की "आय हॅव कंट्रोल" म्हणून विमान हातात घ्यायचं. कागदावर चार सेकंदांचं काम. प्रत्यक्षात पोरं तिसरी हाक मारतात, चौथी मारतात, "सर? सर, ऑल ओके?" म्हणतात. आपल्याकडे सरांच्या हातून विमान काढून घेणं जड जातं. एकानं तर मला नंतर सांगितलं, "मला वाटलं सर माझ्यावर चिडलेत म्हणून बोलत नाहीयेत."

याच "सर"पणात माझ्या मते वयोमर्यादेचं खरं समर्थन दडलंय, आणि ते कुठल्याही नियमावलीत लिहिलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, दर सहा महिन्यांनी मेडिकल आहे, सिम चेक आहे, मग आकडा हवाच कशाला? जो पास तो उडेल. तर्क बिनतोड आहे. पण त्या दोन्ही परीक्षांना आतून ओळखणारा माणूस म्हणून सांगतो, त्यांच्यावर एवढा भरवसा ठेवू नका.

मेडिकलचं आधी. ईसीजी, दृष्टी, ऑडिओमेट्री, रक्त, लघवी, हे सगळं ते चोख पकडतं. पन्नाशीनंतर ईसीजी दरवर्षी हवाच असतो, साठीनंतर मेडिकलच सहामाही होतं. जे यंत्राला दिसत नाही ते मात्र वैमानिकानं सांगितलं तरच कळतं, आणि वैमानिक सांगत नाही. छातीत जळजळलं तर अॅसिडिटी. झोप लागत नाही, तर रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, वाईट आहे. मन बरं नसणं हे तर आमच्याकडे अस्तित्वातच नसतं. ज्याच्या एका सहीवर तुमचा पगार आणि घराचा हप्ता अवलंबून आहे त्या डॉक्टरसमोर कोण खरं बोलेल? आमच्यातले कितीतरी जण आधी बाहेर स्वखर्चानं सगळ्या तपासण्या करून घेतात आणि निकाल हाती आल्यावरच मेडिकलची तारीख घेतात. मीही घेतलीय.

आता सिमचं. सिमची तारीख महिनाभर आधी कळते. काय काय येणार याचा साधारण अंदाज असतो. आम्ही आठवडाभर अभ्यास करतो, भरपूर झोपून, ताजे होऊन जातो. तिथे ६४ चा अनुभवी माणूस बहुतेक वेळा तिशीतल्यापेक्षा सरस ठरतो, कारण त्यानं पाहिलेलं नाही असं थोडंच उरलेलं असतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ४० ते ६९ वयाच्या ११८ वैमानिकांना तीन वर्षं सिम्युलेटरवर तपासलं होतं, २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सुरुवातीला वयस्कर मागे होते, पण काळाबरोबर त्यांची घसरण तरुणांपेक्षा कमी भरली, आणि ज्यांची पात्रता वरची त्यांचं सगळंच बरं. ते छोट्या विमानांचे वैमानिक होते, तरी मला सिमच्या मागच्या खुर्चीतून जे दिसायचं त्याच्याशी हे जुळतं. अनुभव वयाचं बरंच कर्ज फेडतो.

पण एक गोष्ट ना मेडिकलमध्ये येते ना सिममध्ये. मी ६३ चा असताना एका आठवड्यात दोनदा रात्रीची आखाती देशांची फेरी करून परतलो. दुसऱ्या वेळी पहाटे विमान व्यवस्थित उतरवलं, लँडिंग तर मस्तच झालं. मग पार्किंगमध्ये गाडीत बसलो आणि बसूनच राहिलो. घरी जायला डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते काही केल्या सुचेना. पाचेक मिनिटांनी सुचलं. चाळिशीत अशा रात्री मी आंघोळ करून मुलीला शाळेत सोडायला जायचो. याबद्दल मला कधी कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय. बाबांना एकदा सहज विचारून बघा. ते "काही नाही गं" म्हणतील.

आणि समजा परीक्षा निर्दोष झाली, तरी निकाल सांगायचा कुणी? माझ्यावर ती पाळी एकदाच आली. समोर असलेल्या माणसानं मला लँडिंग शिकवलं होतं. मी त्यांना अजूनही वाकून नमस्कार करायचो. एक इंजिन बंद पडल्यावर उतरण्यासाठीचा अॅप्रोच त्यांनी दोनदा घालवला. हात उत्तम होते, पण दोन गोष्टी एकदम आल्या की पहिली निसटत होती. नियमानं मी फॉर्मवर "नापास" लिहायला हवं होतं. लिहिलंही, पण त्याआधी चहा घेतला, त्यांना पुन्हा संधी दिली, आणि एकूण दीड तास स्वतःशी भांडलो. ते शांतपणे म्हणाले, "लिही. मलाही कळतंय." प्रत्येक जण असं म्हणणार नाही. आकडा काढून टाकला तर प्रत्येक वयस्कर कमांडरची अखेर अशीच एखाद्या शिष्याच्या पेनानं होणार, वर्ष-दोन वर्षं चहा, संधी आणि डोळेझाक झाल्यावर. आकडा आंधळा आहे, पण तो सगळ्यांना एकाच दारातून, केक कापून बाहेर काढतो. मला ६५ ला राग आला होता, अपमान वाटला नव्हता. हा फरक मला आता महत्त्वाचा वाटतो. ६५ ऐवजी ६७ असतं तरी हे सगळं असंच लागू पडलं असतं. म्हणून आकडा असावा असं मला वाटतं, पण तो पवित्र आहे असं मी मानत नाही. जपानमध्ये २०१५ पासून ६८ व्या वाढदिवसापर्यंत उडता येतं.

आता कोर्टाकडे येऊ. इथे दोन वेगवेगळी वयं आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक कंपनीचं निवृत्तीचं वय, दुसरं लायसन्सचं वय. एअर इंडियात कित्येक वर्षं निवृत्ती ५८ ला होती आणि पुढे गरजेप्रमाणे कंत्राटावर ठेवत. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीनं वैमानिकांसाठी ते ६५ केलं, जमिनीवरच्या लोकांसाठी ६०. कंपनीचं वय लायसन्सच्या वयापेक्षा कमी असेल तर भांडायला जागा असते. युरोपात लुफ्तान्सानं करारात ६० लिहिलं होतं, कायदा मात्र ६५ पर्यंत परवानगी देत होता. २०११ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं, हा भेदभाव आहे, कायद्यापेक्षा पाच वर्षं आधी थांबवायला सुरक्षेचं कारण पुरत नाही. पण २०१७ मध्ये त्याच कंपनीच्या छोट्या भावंडाचा खटला आला तेव्हा खुद्द ६५ ची मर्यादा न्यायालयानं वैध ठरवली. सोबत एवढं मोकळं केलं, की रिकामं विमान इकडून तिकडे नेणं आणि शिकवणं यांना ती लागू नाही.

तुमच्या बाबांचा प्रश्न दुसऱ्या प्रकारातला, लायसन्सच्या वयाचा. तिथे एकटा भारत ठरवून फारसं काही करू शकत नाही. एका देशाचं लायसन्स दुसऱ्या देशाच्या आकाशात चालतं ते सगळे किमान अटी पाळतात म्हणून. एखाद्या देशानं स्वतःपुरतं वय वाढवलं तरी बाकीचे आपल्या आकाशातून त्या वैमानिकाला जाऊ देतीलच असं नाही. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय वयोमर्यादा नव्हती आणि भेदभावाविरुद्ध कायदा होता. तिथल्या क्वांटासच्या ७४७ च्या एका कॅप्टनला ६० ला काढलं, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९८ मध्ये हरला. कारण साधं होतं: साठीनंतर त्याला जवळच्या मोजक्या देशांतच जाता आलं असतं, आणि तेवढ्या फेऱ्यांवर रोस्टर बसत नव्हतं. २०२५ च्या आयकाओ अधिवेशनात ६७ चा प्रस्ताव विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं मांडला, तो मान्य झाला नाही. अमेरिकेच्या संसदेतही २०२३ मध्ये खालच्या सभागृहाच्या विधेयकात ६७ आलं होतं, मे २०२४ च्या अंतिम कायद्यात ते उरलं नाही.

शिवाय भारतात खासगी नोकरीत वयाच्या भेदभावाविरुद्ध म्हणून असा सर्वसाधारण कायदा नाही. संविधानाचं समानतेचं कलम सरकारविरुद्ध चालतं. एअर इंडिया टाटांकडे गेल्यावर तिच्याविरुद्ध रिट, म्हणजे त्या कलमाखालची थेट याचिका, चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. डीजीसीए, म्हणजे आपल्या सरकारी विमानवाहतूक नियामकाच्या नियमाला आव्हान देता येईल, पण समोरून "सुरक्षा" आणि "आंतरराष्ट्रीय मानक" हे दोन शब्द येतील आणि न्यायालयं त्या दोन शब्दांपुढे सहसा जात नाहीत. वकिलाची फी आणि बाबांचे उरलेले महिने, दोन्ही वाया जातील.

राग यायचाच असेल तर योग्य ठिकाणी येऊ द्या. आपल्या विमानक्षेत्रातला वयाचा खरा अन्याय वैमानिकांवर झालेला नाही. तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियात हवाईसुंदरीला ३५ व्या वर्षी निवृत्त करत, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्या बाळंतपणाची चाहूल लागली की तेव्हा. त्याच विमानात तेच काम करणारा पुरुष पर्सर ५८ पर्यंत. व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीनं बाईंना ४५ पर्यंत मुदतवाढ. नर्गेश मीर्झा खटल्यात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट आणि ती मर्जी रद्द केली, पण स्त्री-पुरुषांच्या सेवाशर्ती वेगळ्या ठेवायला मान्यताच दिली. पुढची लढाई त्या बायका आणखी दोन दशकं लढत राहिल्या. तिथे सुरक्षेचं कोणतंही गणित नव्हतं. आणि आजचा भेदभाव बघायचा असेल तर दुसऱ्या टोकाला बघा: विमान कंपन्यांच्या कॅडेट प्रोग्रॅमच्या, म्हणजे नवे वैमानिक घडवायच्या योजनांच्या, जाहिरातींत तिशीच्या आसपासची वरची मर्यादा असते. पस्तिशीत बँकेची नोकरी सोडून सीपीएल काढलेल्या माणसाला कुणी उभं करत नाही. त्याला ३० वर्षं उडता येणार असतं. या मर्यादेबद्दल मी कधी कुठल्या संघटनेचं पत्रक वाचलेलं नाही.

आता कामाचं. ६५ ला लायसन्स रद्द होत नाही. बंद होतं ते भाडं घेऊन प्रवासी किंवा माल नेणं. सिमवर इन्स्ट्रक्टर म्हणून अनुभवी लोक हवेच असतात, पण त्याची पात्रता आणि कागदपत्रं नोकरीत असतानाच लावून घेतली तर सोपं जातं, कारण विमान अजून "करंट", म्हणजे हाताखालचं, असतं. बाबांना आजच प्रशिक्षण विभागात बोलायला सांगा, जानेवारीत नको. ग्राउंड क्लासेसना हवामान आणि नॅव्हिगेशन शिकवणारा खरा कमांडर मिळाला तर ते सोडत नाहीत. बारामती, गोंदिया, शिरपूर, नागपूर, जिथे जिथे पोरं उडायला शिकतात तिथे विचारून बघा. छोट्या विमानावर शिकवायचं असेल तर इन्स्ट्रक्टर रेटिंग वेगळं काढावं लागतं आणि मोठ्या जेटचे हात सेसनावर आणायला वेळ लागतो. मला पहिल्या दहा लँडिंगला वीस फूट वरच फ्लेअर करायची, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलायची, खोड गेली नव्हती, शेजारी पंचविशीतला इन्स्ट्रक्टर हसू दाबत बसलेला. आणि लॉस ऑफ लायसन्सचा विमा असेल तर तो नीट वाचा. वयानं थांबणं म्हणजे आजारानं लायसन्स जाणं नव्हे, त्याचे पैसे मिळत नाहीत.

एक मात्र कटाक्षानं करा: फेब्रुवारीनंतर त्यांचं मेडिकल लॅप्स होऊ देऊ नका. मी रागाच्या भरात होऊ दिलं. "आता कशाला" म्हणत नऊ महिने घालवले आणि मग शिकवण्याचं काम आलं तेव्हा धावपळ. पुन्हा सगळ्या तपासण्या, सकाळी सातला उपाशीपोटी रांग. माझ्या पुढे अठरा वर्षांचा एक पोरगा उभा होता, पहिल्या मेडिकलला आलेला, हातात कोरी फाइल. मला बघून त्यानं बाकावर जागा करून दिली आणि अदबीनं विचारलं, "काका, तुम्ही कुणाबरोबर आलात?"